भिंत दगडाची, वर पत्रा

सोम. १ सप्टें.

…पाणी चुलीवर ठेवून मी भांडी घासत होते आणि हे ओसरीवर बसून तांदूळ निवडत होते. रजेवर आले की असलं काम ते मागून घ्यायचे. पत्रा गळत होता म्हणून घरभर पातेली मांडलेली. एकेक उचलायचं, अंगणात ओतायचं, पुसून परत त्याच जागी ठेवायचं. नितीन तेव्हा तीन वर्षांचा. प्रत्येक पातेल्यात बोट बुडवून बघत हिंडत होता.

मी सहज विचारलं, तुमच्या रणगाड्यात गळतं का हो असं?

म्हणाले, "रणगाडा म्हणजे आपलं हेच घर समज. समोरची भिंत दगडाची. बाजूच्या जरा कमी. आणि वर पत्रा."

"वर पत्रा कशाला? वरपण दगडच लावायचा."

"सगळीकडनं दगड लावला तर हलणार कसा तो? मारणारा समोरून मारतो, म्हणून जाडी समोर. वरून कोण मारतंय? वर देव."

आणि तांदळातला खडा काढून अंगणात फेकला. मी पुढची भांडी घासायला घेतली. एवढंच झालं त्या सकाळी. पण त्यानंतर ते सीमेवर असले तरी मला झोप लागायची. दगडी भिंतीच्या आत बसलेत, असं म्हणायचे मनात.

बावीस वर्षांनी ती सकाळ परत आली, ती कालच्या फोनमुळे. दर रविवारी चारला नितीनचा फोन येतो. ह्यांच्याच रेजिमेंटमध्ये आहे, रणगाडा चालवतो. बाप-लेक दोघंही रणगाड्याला गाडी म्हणतात. म्हणायचे. नितीन म्हणतो.

"आई, ड्रोनच्या कोर्सला पोरं घेतायत. साहेबांनी विचारलं, तुझं नाव देऊ का."

"मग?"

"मी नाही म्हणालो. गाडी सोडून ड्रोन कोण उडवत बसणार. बाबांची इच्छा होती ना, मी गाडी चालवावी."

मी म्हणाले, बरं. जेवलास का? म्हणाला, जेवलो, परत बटाटा.

फोन ठेवल्यावर खूप वेळ ओट्यापाशी उभी. दूध उतू गेलं.

बुध. ३ सप्टें.

लिहून टाकते. कुणाला सांगितलेलं नाही.

ती इच्छा ह्यांची नव्हती. ते वाक्य माझं.

नितीनला पायदळात जायचं होतं. गावातली दोन पोरं तयारी करत होती, त्यांच्याबरोबर रोज पहाटे कान्हे स्टेशनच्या रस्त्याला पळायचा. ह्यांच्या रेजिमेंटमध्ये भरती आहे असं कळलं तेव्हा मी ठरवून टाकलं. पायदळातल्या माणसाच्या अंगावर काय असतं? कापड. रणगाड्यातल्या माणसाभोवती भिंत. मी साधा हिशोब केला, आई करेल तो.

पोरगं ऐकेना. मग एकदा भाकरी वाढताना म्हणाले, "तुझ्या बाबांची इच्छा आहे, तू त्यांच्यासारखी गाडी चालवावीस. ते बोलून दाखवत नाहीत."

हे दारात पाय धूत होते. ऐकलं त्यांनी. माझ्याकडे बघितलं.  मग पाय बराच वेळ पुसत राहिले. मला वाटलं, मी त्यांच्या मनातलंच ओळखून बोलले.

नितीन त्याच दिवशी तयार झाला.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. बसल्या जागी, चहाचा कप हातात. आणि माझं वाक्य आता पोराच्या तोंडी "बाबांची इच्छा" म्हणून येतं. मेलेल्या माणसाची इच्छा मोडता येत नाही. मी ती जिवंत माणसाच्या नावावर खपवली होती.

शनि. ६ सप्टें.

तुंगार्लीच्या बंगल्यावर स्वयंपाकाला जाते, तिथे होते आज. शनि-रवि पाहुणे असतात. आज लग्नाआधीचे फोटो काढायला आलेले, मुलगा-मुलगी आणि एक फोटोवाला. तळ्याच्या काठी ड्रोन उडवत होता. आवाज डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा.

मी कोथिंबीर धुऊन अंगणात आले तर तो डोक्यावर. मी डावीकडे गेले, तोही आला. फोटोवाला हसला. "मावशी, घाबरू नका, तुमचाच फोटो घेतोय."

त्याने पडदा दाखवला. वरून मी एवढीशी. भांग, खांदे, हातातली चाळणी. पाय दिसतच नाहीत. माणूस वरून पाहिला की त्याचं झाकण तेवढं दिसतं.

विचारलं, "ह्याला वरून सगळं कळतं?"

"मावशी, चाळणीतली कोथिंबीर पण मोजता येईल."

"अंधारात?"

"माझ्यात नाही. पण असतात तसे. अंगाची गरमी दिसते त्यात. माणूस झाडाखाली बसला तरी चमकतो."

"शिकायला किती दिवस लागतात?"

"मला आठ लागले. तुम्ही हुशार आहात, सहात शिकाल."

सगळे हसले. मीपण. हे गाडी शिकले त्याला किती महिने लागले होते, आणि पहिल्या वर्षी हाताची कातडी कशी सोलून निघाली होती, ते आठवलं. फोटोवाला भला माणूस. जाताना त्याने वांग्याची भाजी परत मागून घेतली.

मी आत गेले आणि छताकडे बघितलं. बंगल्याला स्लॅब आहे.

रवि. ७ सप्टें.

चारला फोन.

मी धीर करून विचारलं, वरून ड्रोन आला तर गाडी काय करते?

"आई, तू व्हिडिओ बघत बसू नको."

"बघत नाही. वाचते."

"ते तर त्याहून वाईट." हसला. मग जरा थांबून, "हे बघ, ड्रोन बघू शकतो, मारू शकतो. पण जाऊन उभं कोण राहणार? जागा आपली आहे हे जमिनीवर उभं राहूनच सांगावं लागतं. आणि पायदळातली पोरं आमच्या आडोशानं चालतात. आम्ही उतरलो तर ती उघड्यावर."

माझ्याच पोटचा, पण ह्यांच्या आवाजात बोलतो.

म्हणाला, साहेबांनी परत बोलावलं होतं, म्हणाले, तुझे हात चांगले आहेत, डोकं थंड आहे, ड्रोनला असलीच पोरं लागतात. ३० तारखेपर्यंत विचार कर. ड्रोनवाला मागे बसतो, कित्येक कोस मागे.

"मग तुझ्या जागी गाडीत कोण बसेल?"

"आहे एक. माझ्यानंतर त्याचाच नंबर. चांगला चालवतो. त्याला सहा महिन्यांची मुलगी आहे, सारखा फोटो दाखवतो."

मुलीचं नाव विचारलं नाही. मुद्दाम.

मंगळ. ९ सप्टें.

पाहिले. नको नको म्हणत पाहिले, युक्रेनमधले व्हिडिओ. उजेडात, ओसरीवर बसून.

वरून दिसतो तो रणगाडा एकटा. शेतातून चाललेला. पाखरू घिरट्या घालतं तसा कॅमेरा. मग जवळ जवळ. मग पडदा करडा होतो आणि संपतं. लगेच दुसरा. आवाज नसतो. खाली कुणीतरी गाणं लावलेलं असतं.

समोरच्या भिंतीकडे कुणी जातच नाही. सगळे पत्र्यावर.

काही रणगाड्यांवर लोखंडी जाळ्या ठोकल्यात. वरून, बाजूंनी, पार जमिनीपर्यंत. पहिला बघून हसू आलं, खुराडं चाललंय असं वाटलं. मग आठवलं, लावणीला आम्ही पाठीवर घ्यायचो ते इरलं. कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं. वाकून चिखलात रोप लावायचं आणि पाऊस पाठीवरून जायचा. तसाच दिसतो. एवढा मोठा लोखंडाचा गाडा, आणि इरलं घेऊन वाकून चाललाय.

ह्यांना हे कळलं नाही ते बरं झालं, असं वाटलं. गाडीवर जीव होता त्यांचा.

गुरु. ११ सप्टें.

भात निसवायला लागलंय, ओंब्या डोकावतायत. इंद्रायणी तांदळाचा वास बांधावर.

वाचनालयातून जुन्या घोडदळावरचं पुस्तक आणलंय. ह्यांच्या रेजिमेंटला पूर्वी घोडे होते. म्हणून अजून हुद्दे सवार, दफादार, रिसालदार. घोडे गेले, नावं राहिली. हे सांगायचे, घोडे काढून घेतले तेव्हा म्हातारे सवार तबेल्यात जाऊन रडले. आणि लगेच म्हणायचे, "रडणारच. पण लोखंडापुढं घोडा नेऊन उभा करायचा, हे पाप नव्हतं का?"

हे त्यांनी म्हटलं होतं. तेव्हा लक्षात नाही आलं.

शनि. १३ सप्टें.

ह्यांची तिथी.

पहाटे उठून सगळं केलं. खीर, वडे, आळूची भाजी, आमसुलाची चटणी. नितीन नाही, म्हणून कावळ्याचं पान मीच ठेवते. शिडी लावून पत्र्यावर. गेल्या वर्षी पान ठेवून शिडी उतरायच्या आत कावळा आला होता. ह्यांना भूक दम धरू द्यायची नाही.

आज नऊ वाजले, दहा वाजले. एक कावळा नाही.

शेजारच्या हिरामावशी आल्या. सत्तरी उलटली, दात दोन, आवाज पंचायतीच्या भोंग्यासारखा.

"सुमन, आला न्हाई?"

"नाही ना मावशी."

"काय तरी मागं ऱ्हायलंय त्याचं. सबूद दे. पोराचंच असंल काय तरी, दुसरं कशात जीव व्हता त्याचा?"

मी पत्र्याखाली उभी राहून हात जोडले.  मग बोलले, "तुमचा नितीन गाडी सोडणार नाही. तुमच्यासारखाच चालवेल. मी सोडू देणार नाही."

मावशी म्हणाल्या, "बास. आता येतंय बघ."

नाही आला. अकराला पलीकडच्या वावरातून तोच आवाज, भुंग्याचा. तिकडे फवारणीचा ड्रोन आणलेला, सकाळपासून भातावर फिरत होता. म्हणजे माझ्या डोक्यात घुमत नव्हता तो, खरंच होता.

"ह्या रांडंच्या मशीनीनं कावळं पळवलं गं," मावशी म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या येळंला असली थेरं नव्हती. जेव तू. गाईला घाल पान."

घातलं. पण शब्द देऊन बसले. पितराला दिलेला शब्द. आणि तो त्यांनी घेतला नाही.

ड्रोनमुळे कावळे आले नाहीत. मला कळतं. मी अडाणी नाही. तरी ताट तसंच झाकून ठेवलं.

रवि. १४ सप्टें.

फोन नाही आला. गोळीबाराच्या सरावाला गेले असतील, असं म्हणून बसले. सात वेळा फोन उघडून बघितला.

सोम. १५ सप्टें.

सकाळी मेसेज. "आई, मी ठीक आहे. काल नेटवर्क नव्हतं. बटाटाच."

शनि. २० सप्टें.

आज सावकाश लिहायचं आहे. 

कामशेतला गेले होते, बबनभाऊंकडे. बाजारातच त्यांचं वेल्डिंगचं दुकान. हे गाडी चालवायचे, बबनभाऊ तोफ डागायचे. एका गाडीत अकरा वर्षं. एक कान गेला त्यात, म्हणून ओरडून बोलतात. माझा प्रश्न एवढाच होता की रणगाड्यावरची ती जाळी टिकते का. लोखंडातलं त्यांना कळतं.

कुणाच्या तरी बाल्कनीचं ग्रील जोडत होते. तोंडावरची काच वर केली. "वयनी, तुमी? आन् हे काय नवीन? लय पुस्तकं वाचता तुमी."

"सांगा ना भाऊ."

"जाळी काय करती, ड्रोन पत्र्याला लागायच्या आदी वरच्यावर फुटतो. एक अडवंल. दोन अडवंल. तिसरा पडल्या भोकातनंच येतो."

"मग गाडी संपली म्हणायची?"

"न्हाई. गाडी लपायला शिकली. आमच्या येळंला गाडी दिसली की समोरचा पळायचा. आता गाडी दिसली की गाडीलाच पळावं लागतंय. झाडीत उभी ऱ्हायची, लांबनं डागायचं, परत झाडीत. चार-पाच मिळून जात न्हाईत, येक-दोनच जात्यात. पर जागा घ्यायची म्हणली की तिलाच जावं लागतंय. ड्रोन काय भुईवर पाय रोवून उभा ऱ्हातो व्हय?"

नितीनचं सांगितलं. साहेब, कोर्स, ३० तारीख. आणि मी म्हणाले, "बरं झालं ह्यांना हे बघावं नाही लागलं."

बबनभाऊंनी मशीन बंद केलं. हातमोजे काढले, परत घातले.

"वयनी, बघितलंय त्यानं. समदं."

"कुठं?"

"हितं. त्या स्टुलावर बसून. शेवटचं वरीसभर, दर बाजारला. तुमी म्हणायचा ना, बाजारला गेलं की दोन तास लावत्यात. माझ्या फोनवर बघायचा. म्हणायचा, घरी नगं."

मी स्टुलाकडे बघत राहिले. त्यावर रंगाचा डबा होता.

"मला का नाही सांगितलं?"

"म्हणायचा, ती झोपती म्हणून मला झोप लागती. तिची झोप मोडून काय मिळवू?"

मग खणातून एक पुठ्ठा काढला. मागे कुणाच्या तरी गेटची मापं. पुढे पेन्सिलीनं काढलेली गाडी, ह्यांच्या हातची. वर जाळी, तिचे पाय कुठं जोडायचे त्याचे बाण. ड्रायव्हरच्या झाकणावर दुहेरी जाळी. तिथं रेघ इतक्यांदा फिरवलेली की पुठ्ठा फाटलाय. आणि बाजूला बारीक अक्षरात, "झाकण उघडलं पाहिजे, पोराला बाहेर पडता आलं पाहिजे."

नितीन नाही लिहिलं. पोराला.

मी विचारलं, "मग नितीनला का नाही बोलले? एक शब्द बोलले असते तर…"

बबनभाऊ आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले असतील. "बोलू का वयनी? रागवू नगा. तुमीच पोराला सांगितलंवतं ना, बापाची इच्छा हाय म्हणून?"

"हो."

"मंग त्यो कसा बोलणार? म्हणायचा, मी आता उलटं बोललो तर पोरापुढं ती खोटी पडंल. पोराला आईचं खोटं कळू ने. काढू कायतरी वाट. आन् वाट काढायच्या आदीच गेला."

दुकानात एक माणूस बिजागरी विचारायला आला. बबनभाऊंनी त्याला उद्या ये म्हणून घालवलं. माझ्यापुढे चहा ठेवला. मी प्यायले. काहीच सुचत नसताना माणूस चहा पितो.

निघताना म्हणाले, "येक सांगतो. त्यो उतरला तर दुसरा बसंल. सीट रिकामी ऱ्हात न्हाई. हेबी तुमच्या नवऱ्यानंच मला सांगितलंय. लय रडलावता त्या दिशी."

लोकलनं परत आले. कामशेत ते कान्हे, एकच स्टेशन. पुठ्ठा पदराखाली धरून.

दोन वर्षं मला वाटत होतं, ह्यांच्यासाठी जेवढं रडायचं तेवढं रडून झालं.

मी झोपायचे आणि ते माझ्या झोपेवर पहारा देत बसायचे. आणि त्या शनिवारी मी पत्र्याखाली हात जोडून त्यांना शब्द दिला, की तुम्हाला ज्याची भीती वाटते तेच मी होऊ देईन. बरं झालं कावळा नाही आला. फवारणीवाल्याचे उपकार.

रवि. २१ सप्टें. सर्वपित्री.

सकाळी पुन्हा पान वाढलं. ज्यांची तिथी चुकली त्यांचंही आज होतं. ह्यांची चुकली नव्हती, मी चुकले होते.

शिडी चढून पान ठेवलं आणि खाली येऊन म्हणाले, "मागचा शब्द मी परत घेते. तुम्हाला जे सांगता आलं नाही ते आज मी त्याला सांगेन. पुढचं त्याचं तो ठरवेल. त्यात तुम्हीपण पडू नका आणि मीपण."

हिरामावशी कुंपणावरून, "काय म्हणालीस गं? ऐकू न्हाई आलं."

"काही नाही मावशी. घरातलं होतं."

"घरातलं तर हाय समदं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

वर बघत उभी राहिले नाही. आत जाऊन भांडी घासली.

चारला फोन.

"नितीन, आधी ऐक. मधे बोलू नको. गाडी चालवावी ही तुझ्या बाबांची इच्छा नव्हती. ते वाक्य माझं होतं. त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं."

पलीकडे कुणीतरी बादली ओढत होतं. तो आवाज ऐकू येत राहिला.

"मग बाबांना काय वाटायचं?"

पुठ्ठ्याचं सांगितलं. झाकणावरची दुहेरी जाळी सांगितली. बारीक अक्षरातलं वाचून दाखवलं. "पोराला" हा शब्द दोनदा वाचला.

"माझ्यामुळे गप्प राहिले ते. मी खोटी पडू नये म्हणून."

पलीकडची बादली थांबली. 

"आई, सहा वर्षं मी गाडी सुरू करायच्या आधी त्यांचं नाव घेतो."

मी पुठ्ठा पालथा ठेवला.

"मग आता तू काय म्हणतेस? उतरू?"

हो, तोंडापर्यंत आलं होतं. दातांच्या मागे होतं. उतर, आजच जा साहेबांकडे, आत्ता जा. आणि त्याच वेळी ती सहा महिन्यांची मुलगी, जिचं नाव मी विचारलं नाही. तिची आई पण कुठंतरी ओट्यापाशी उभी असेल. तिला कुणी सांगितलं असेल, भिंत दगडाची असते.

म्हणाले, "एकदा माझं वाक्य तुझ्या गळ्यात घातलं. परत नाही घालणार."

"असं नको ना करू. काहीतरी म्हण."

"नाही म्हणत."

तो रडत होता का, कळलं नाही. लहानपणी रडायचा तेव्हा नाकानं श्वास घ्यायचा, तसा आवाज आला. मग म्हणाला,

"जेवलीस का?"

हा माझा प्रश्न आहे. सहा वर्षांत त्याने पहिल्यांदा मला विचारला.

"जेवले."

"काय?"

"खीर. वडे. आज सर्वपित्री ना."

"हं." मग, "तीस तारखेपर्यंत आहे. बघतो मी. पुठ्ठ्याचा फोटो पाठव."

पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. 

मंगळ. २३ सप्टें.

रविवारी संध्याकाळी शिडी काढायला गेले तर पत्र्यावर पान रिकामं होतं. कावळा आला, मांजर आलं, की वाऱ्यानं उडालं, मी पाहिलं नाही. मावशींनी विचारलं, तेच सांगितलं.

मग दार लावून रडले. आधीची दोन वर्षं त्यांच्याशिवाय रडले होते. परवा त्यांच्याबरोबर रडल्यासारखं वाटलं. ते स्टुलावर आणि मी खाली.

काल घटस्थापना होती. मी शेतातली माती चाळून आणली, परडीत पसरली, सात धान्यं पेरली, वर पाण्याचा घट ठेवला, दिवा लावला. पुठ्ठा देव्हाऱ्यामागे ठेवला. नितीनला फोन केला नाही.